पाच चांदण्यांची कॉफी

माझ्या बायकोला कॉफी आवडते ही बातमी मला तिच्या निरोप समारंभात, व्यासपीठावर, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन बसलेलो असताना कळली. प्रभा आमच्या शुक्रवार पेठेतल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेने तिला निरोप दिला आणि पद्धतीप्रमाणे नवऱ्यालाही शेजारी बसवलं. तिच्या सहकारी चेतनाबाई बोलायला उठल्या आणि म्हणाल्या, "प्रभाताई म्हटलं की मधल्या सुट्टीतली ती कॉफी आठवते. ताईंशिवाय कॉफी नाही आणि कॉफीशिवाय ताई नाहीत!" सगळी शाळा हसली. शिपाईसुद्धा हसला. मग मीही हसलो, म्हणजे लग्नापासून मला हे ठाऊक आहे असा चेहरा करून हसलो.

वास्तविक आमच्या घरात कॉफीची पूड कधी आलेली मला आठवत नाही. आमचं घर चहाचं. भेटवस्तूंच्या ओझ्यामुळे केलेल्या रिक्षातून परत येताना मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला कॉफी आवडते होय?"

"हो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. अक्कलकोटला आमच्याकडे कॉफीच असायची की."

"मग इतक्या वर्षांत बोलली नाहीस ते?"

"तुमच्याकडे चहा होता," प्रभा म्हणाली आणि शालीची घडी घालायला लागली.

भांडली असती तर मी बाजू मांडली असती. मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे मी, बाजू मांडणं हा माझा पेशा होता. पण तिने तक्रारच केली नव्हती, त्यामुळे माझा खुलासा दाखल करून घ्यायला कुणी नव्हतं.

घरी आल्यावर ती आणखी एक गोष्ट बोलली. म्हणाली, "सगळे म्हणतायत रिटायर झाले. पण सुट्टी तर दरवर्षीच असते हो. मी खरी रिटायर होणार ती जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा. प्रार्थना इथपर्यंत ऐकू येईल आणि मी घरात बसलेली असेन. त्या एका सकाळची मला भीती वाटते बघा." प्रभा सहसा असं बोलत नाही. मला गलबलून आलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की त्या सकाळी प्रार्थना सुरू झाली की हिच्या हातात वाफाळती कॉफी असली पाहिजे, ती मी केलेली असली पाहिजे, आणि अशी झालेली असली पाहिजे की शाळा विसरली पाहिजे.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, मग बायकोलाच विचारा की कॉफी कशी करतात ते. पण ज्या नवऱ्याला बायकोची आवड भर सभेत कळली, त्याने घरी येऊन तिलाच कृती विचारायची म्हणजे उरलेली अब्रूही पातेल्यात घालून उकळायची. शिवाय मला कॉफी येत नाही, यंत्राला येते. तेव्हा यंत्र घ्यायचं, पण गुपचूप घ्यायचं आणि नीट चौकशी करून घ्यायचं. चौकशीच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारा नाही. आमच्या कचेरीत अभिप्रायाशिवाय पान हलत नसे. साधी खुर्ची घ्यायची तरी चार टेबलांचा अभिप्राय लागे, आणि तो गोळा होईपर्यंत खुर्चीवर बसायचा माणूस बदली होऊन जाई. त्यामुळे मोबाईलवर एकेका कॉफीयंत्राखाली हजारो लोकांनी आपण होऊन, फुकट अभिप्राय लिहून ठेवलेत हे पाहून माझा ऊर भरून आला.

वाचायला लागलो तसा तो रिकामा व्हायला लागला. एकाने लिहिलं होतं, 'अप्रतिम यंत्र. अजून खोकं उघडलेलं नाही.' पाच चांदण्या. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'मामींना भेट दिलं. मामी खूश.' मामी कॉफीवर खूश होत्या की भाच्यावर, याचा खुलासा नव्हता. एका बाईंनी एकच चांदणी दिली होती, कारण चित्रात यंत्राशेजारी दाखवलेली बिस्किटं खोक्यात निघाली नाहीत. एका गृहस्थांनी तीन दिल्या होत्या आणि कारण लिहिलं होतं की कॉफी छान होते, पण डॉक्टरांनी मला कॉफी बंद केली आहे. आमच्या कचेरीत असा शेरा मारणाऱ्याला साहेबांनी बोलावून घेतलं असतं.

तिथे प्रश्न विचारायचीही सोय होती. मी विचारलं, 'सोलापूरच्या बोअरच्या जड पाण्यावर हे यंत्र टिकेल का?' तासाभरात पाच-सहा उत्तरं आली. मी चष्मा पुसून वाचायला बसलो. पहिलं उत्तर होतं, 'मला माहीत नाही.' दुसरं, 'सॉरी, कल्पना नाही.' तिसरं, 'मी हे यंत्र घेतलेलं नाही.' माहीत नसेल तर गप्प बसावं हा नियम मोबाईलवर लागू नसावा. निदान आमच्या कचेरीत माहीत नसलेला माणूस फाईल पुढच्या टेबलावर तरी ढकलायचा.

पुण्याला असलेल्या मुलीला, भार्गवीला, फोन केला. ती म्हणाली, "बाबा, चार पूर्णांक तीन चांदण्या आहेत ना? मग घ्या की. इतकं काय वाचायचं असतं?" मी तिला म्हटलं, "अगं, ही सरासरी झाली. गणितात भोपळा आणि मराठीत सत्तर मिळवलेल्या मुलाला सरासरी पस्तीस म्हणून तुझ्या आईने कधी पास केलं होतं का?" तिने मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. आमच्या कन्येच्या मीटिंगा माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली की बरोबर सुरू होतात.

शेवटी हे प्रकरण गुरुसिद्धप्पांच्या कानावर घालावं लागलं. गुरुसिद्धप्पा आमचे शेजारी, चादरींचे व्यापारी. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं दुकान आहे आणि मी कधी त्यांच्या गादीवर टेकतो. त्यांनीच विचारलं, "काय सुबोधराव, सकाळधरनं मोबाईलमधी काय शोधायलाव?" मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"आवो, चादर घ्यायला गिऱ्हाईक येतंय ते हात लावून बघतंय, ओढून बघतंय, उजेडात नेऊन बघतंय, शेजारणीला इचारतंय, आन एवढं करून न घेताच जातंय. आन तुमी न बघता यंत्र घ्यायलाव? बेडा, बेडा!" गुरुसिद्धप्पांना एखादी गोष्ट ठामपणे नको म्हणायची असली की ते कानडीत शिरतात. "ज्यानं घेतलंय त्येच्या घरी जायचं. डोळ्यानं बघायचं. मग घ्यायचं. आमच्याकडं मोठा फ्रिज आला तवा अख्खी गल्ली येऊन दार उघडून-झाकून गेली की!"

हे मात्र खरं. आमच्याकडे ही रीतच आहे. कुणाकडे काही नवीन आलं की लोक बघायला जातात, चहा पितात, दोन बटणं दाबतात आणि मग आपल्या घरी तेच आणतात. पण आमच्या गल्लीत कॉफीचं यंत्र कुणाकडेच नव्हतं. मी पुन्हा अभिप्राय चाळायला लागलो आणि अचानक एक फोटो दिसला. यंत्र काउंटरवर ठेवलेलं, मागे दुकानाची पाटी, पाटीवर फोन नंबर, आणि खाली मजकूर : 'लई भारी. टेंभुर्णीला टायमात पोचलं. मल्लिनाथ.' पाच चांदण्या. आपल्या जिल्ह्यातला माणूस, आपल्यासारखंच पाणी. मी फोन लावला.

"कापीचं मशीन? या की!" पलीकडून आवाज आला. "बगून जावा. जेवायलाच या."

गुरुसिद्धप्पांना टेंभुर्णीच्या एका दुकानात चादरी पोचवायच्याच होत्या, तेव्हा त्यांच्या गाडीतून जायचं ठरलं. प्रभाला काय सांगायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, गुरुसिद्धप्पांबरोबर वेळापूरला देवदर्शनाला जातो. त्यावर ती म्हणाली, "बरं झालं, येताना देवाचा अंगारा आणा. भार्गवीला पाठवायचाय." झालं! टेंभुर्णीवरून पुढे वेळापूर काही जवळ नाही. कॉफीचं गुपित राखायला आम्हाला आता खरोखरच देवाला जाणं भाग होतं.

मल्लिनाथांचं दुकान हायवेला लागूनच, नळ, पाइप आणि विहिरीवरच्या मोटारींचं. माणूस अघळपघळ आणि मोठा प्रेमळ. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा मागवला. मी विचारलं, "यंत्र कुठे आहे?" त्यांनी वर बोट दाखवलं. देवाच्या फोटोशेजारी फळीवर यंत्राचं खोकं होतं. खोक्याला चिकटपट्टी लावून पुन्हा बंद केलेलं.

"फोटूपुरतं काढलं हुतं," मल्लिनाथ म्हणाले. "अजून चालू न्हाय केलं."

"का?"

"आवो, ते आलं दसऱ्याच्या दोन दिवस मागनं. यंत्राची पूजा झाल्याबिगर बटान कसं दाबायचं? आता येत्या दसऱ्याला करू की."

मी गुरुसिद्धप्पांकडे बघितलं. गुरुसिद्धप्पा गंभीरपणे मान हलवत होते. त्यांना यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

"मग पाच चांदण्या कशाच्या दिल्या तुम्ही?" माझा आवाज जरा चढला असावा.

"त्या व्हय? त्या त्या आणून देणाऱ्या माणसाला दिल्या," मल्लिनाथ म्हणाले. "भर उनातनं बिचारा गाडीवर आला. घामानं न्हालेला. मागनं मोबाईलवर इचारत्यात, किती चांदण्या द्यायच्या म्हून. म्या म्हनलं पाच द्या. पाचच हुत्या, न्हायतर धा दिल्या असत्या. त्येच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? तुमी काय कमी दिल्या असत्या का?"

त्या क्षणी मला त्या सगळ्या अभिप्रायांचा उलगडा झाला. हजारो सज्जन माणसांनी घामाघूम झालेल्या हजारो माणसांना दुवा दिला होता आणि मी त्यात कॉफी शोधत होतो. मी आभार मानून उठणार होतो. पण मल्लिनाथांना वाईट वाटलं. "इतक्या लांबनं आलाय तुमी. तसंच कसं जाऊ देऊ? पूजा आत्ताच करू की!" त्यांनी खोकं खाली घेतलं, नारळ आणवला, यंत्राला कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. बघता बघता शेजारचे दुकानदार गोळा झाले. कॉफीची पूड नव्हती, तेव्हा हॉटेलातून झटपट कॉफीच्या पुड्या आल्या. त्या जाळीत ओतल्या. बोअरचं पाणी घातलं. बटण दाबल्यावर यंत्राने एक लांब सुस्कारा टाकला आणि खालच्या काचेच्या भांड्यात गढूळ पाणी पडायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला पहिला कप. मी घोट घेतला. नळ दुरुस्त केल्यावर सुरुवातीला जे पाणी येतं, ते कुणी गरम करून दिलं तर कसं लागेल, तसं लागलं. पण समोर मल्लिनाथ हात जोडून उभे. दसरा अलीकडे ओढून त्यांनी माझ्यासाठी पूजा केली होती. त्या तोंडाकडे बघून 'वाईट आहे' म्हणायला माणूस फार निर्दय लागतो. मी म्हटलं, "छान झालीय." गुरुसिद्धप्पा म्हणाले, "मस्तच की!" शेजारचे दुकानदार म्हणाले, "एक लंबर." मल्लिनाथांचा चेहरा खुलला. म्हणाले, "बगा, म्या पाच दिल्या त्या काय उगंच न्हाय. मागवा की मग. आत्ताच मागवा, माज्यादेखत."

आणि मी मागवलं. हो, मीच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अभिप्रायावर शंका काढून पोट भरलेल्या माणसाने, चव स्वतः घेऊन, केवळ भिडेखातर तेच यंत्र मागवलं. तिथून पुढे वेळापूरच्या देवळात गेलो. अर्धं अंग शंकराचं आणि अर्धं पार्वतीचं असा तिथला देव. त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनात आलं, याला निदान बायकोच्या आवडीनिवडीची वेगळी चौकशी करावी लागत नसणार. अंगारा घेतला आणि मुकाट्याने घरी आलो.

यंत्र गुरुसिद्धप्पांच्या दुकानावर आलं. आणणारा माणूस उन्हाने काळवंडला होता, त्याच्याकडे मला धड बघवेना. मोबाईलने विचारलं तेव्हा मीही पाच चांदण्या दिल्या. मल्लिनाथांना नावं ठेवायचा माझा हक्क तिथे संपला.

मग दुकानाच्या मागच्या खोलीत माझी तालीम सुरू झाली. या वेळी खरी पूड आणली. बोअरचं पाणी नको म्हणून नळाला पाणी येईल त्या दिवशी एक कळशी वेगळी भरून ठेवली, तर प्रभाने विचारलं, ही कळशी कुठे निघाली? मी म्हटलं, गुरुसिद्धप्पांच्या तुळशीला. यंत्र कधी रुसायचं, कधी उकळून टेबलावर सांडायचं, आणि एकदा त्याने माल बघायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरीवर नक्षी काढली. पण कॉफी रोज निघायची आणि दुकानात येईल त्याला मी ती पाजायचो. सगळे म्हणायचे छान. गुरुसिद्धप्पा म्हणायचे, "मस्तच की!" त्यांच्या पत्नी नीलम्मा एकदा नुसता वास घेऊन आत गेल्या, पण आतून त्याही म्हणाल्या, "चांगली हाय की!" इतक्या लोकांनी सांगितल्यावर माझाही विश्वास बसायला लागला. पहिल्या दिवशी मला जे कडू लागलं होतं, ते मला खानदानी लागायला लागलं. लोकांचा अभिप्राय मोठी चीज आहे. माणूस त्यापायी स्वतःच्या जिभेला खोटं पाडतो.

जूनमधली ती सकाळ उजाडली. यंत्र मी आदल्या संध्याकाळीच गुपचूप आणून स्वयंपाकघरात माळ्याखाली झाकून ठेवलं होतं. प्रभा नेहमीच्या वेळेला उठली, अंघोळ केली आणि चक्क इस्त्रीची साडी नेसली. मग तिच्या लक्षात आलं असावं. ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. रस्त्यावरून नवे गणवेश घातलेली पोरं जायला लागली. एकीने वर बघून हाक मारली, "बाई, येणार न्हाई का?" प्रभाने हात हलवला आणि तोंड फिरवलं. मला तिच्याकडे बघवेना. मी स्वयंपाकघरात पळालो आणि बटण दाबलं.

प्रार्थनेचा पहिला सूर आला तेव्हा मी कप घेऊन तिच्यापुढे उभा होतो. "कॉफी," मी म्हटलं. "तुझ्यासाठी. मी केली."

तिने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, स्वयंपाकघरातून येणाऱ्या यंत्राच्या सुस्काऱ्याकडे कान दिला. तिचे डोळे भरले. मी मनात म्हटलं, जिंकलो. तिने एक घोट घेतला आणि गिळला.

"कशी झालीय?"

"खरं सांगू?"

आता, हा प्रश्न मला महिनाभरात एकानेही विचारला नव्हता. "सांग की."

"भयंकर," प्रभा म्हणाली. "अहो, भयंकर झालीय. जळका पाइप धुऊन काढल्यासारखी लागते."

मी खाली बसलो. टेंभुर्णी, पूजा, वेळापूर, कळशी, चादर, सगळं एका दमात सांगून टाकलं. गुरुसिद्धप्पा मस्त म्हणाले, टेंभुर्णीचे दुकानदार एक लंबर म्हणाले, अख्खी पेठ मस्त म्हणाली, हेही सांगितलं. म्हटलं, "सगळे खोटं बोलले आणि तू एकटी..." खरंच लागलं होतं मला.

प्रभा आधी ओठ दाबून बसली. मग मल्लिनाथांनी यंत्राला उदबत्ती ओवाळली तिथपर्यंत मी पुन्हा आलो तशी ती फुटली आणि हसायलाच लागली. खुर्चीवरून वाकून, पदराने डोळे पुसत, ठसका लागेपर्यंत हसली. शेवटी मीही हसलो. प्रार्थना कधी संपली, घंटा कधी झाली, वर्ग कधी भरले, आम्हा दोघांनाही कळलं नाही.

"आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर 'छान, छान' लिहिलं," ती दम खात म्हणाली. "घरीही तेच चाललं होतं. आता नाही हो. आता रिटायर झाले मी."

"घरी म्हणजे?" मी सावध झालो. "माझा चहा...?"

"पाणचट," प्रभा म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिने यंत्र बंद केलं, पातेलं गॅसवर ठेवलं, दूध ओतलं. मी मागोमाग जाऊन दारात उभा राहिलो. कचेरीत असतो तर मी प्रकरण इथेच बंद केलं असतं. पण नवऱ्याची जात, राहवेना.

"आणि मी?"

प्रभाने वळून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. चांगली चादर पारखणाऱ्या गिऱ्हाइकासारखं बघितलं.

"तुमचं एवढ्यात नाही सांगत," ती म्हणाली. "अजून वापर चाललाय. तो चमचा द्या इकडे, आणि बघा पूड किती घालते ते."

मी चमचा दिला आणि बघायला लागलो.